आज आधी काय करायचं?

कामं वाढत जातात आणि दिवस तेवढाच राहतो, या अडचणीवर आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रं मोठी होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

रोज रात्री वहीत दुसऱ्या दिवसाची यादी करतो. पंधरा-सोळा कामं असतात, पाच-सहा होतात, बाकीची पुढच्या पानावर उतरवतो. काही कामं तर महिनाभर नुसती उतरवतोय. मला शिस्तच नाही का?
– एक नोकरदार वाचक, अहिल्यानगर

शिस्त आहे, म्हणून तर महिनाभर उतरवताय. चुकतंय ते माप. तुमच्या यादीत कामं आहेत, पण प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते कुठेच लिहिलेलं नाही. पिशवी केवढी आहे हे न बघता बाजार करावा, तसं होतंय.

उद्याच्या पानावर आधी वरच्या कोपऱ्यात मोकळा वेळ लिहा. नोकरी, येणं-जाणं, जेवण, झोप वजा करून जे उरतं तेवढंच. कामाच्या दिवशी नोकरदार माणसाकडे दोन-अडीच तास उरले तर पुष्कळ. त्यातलाही दोन-तृतीयांशच वाटायचा, कारण उरलेल्या वेळात कुणी तरी येतं, वीज जाते, गाडी पंक्चर होते. म्हणजे अडीच तासांपैकी हातात आले १०० मिनिटं. आता प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहा आणि १०० भरले की रेघ ओढा. रेघेखालची कामं उद्याची नाहीतच. ती मागच्या पानावर वेगळी राहू द्या.

मिनिटांचा अंदाज पहिल्या आठवड्यात चुकणारच, आणि तो कमीच निघेल. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीवर नेमकं बोट ठेवलं होतं. अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत चाललेला दिवस डोळ्यांपुढे आणतो. तसंच काम मागच्या वेळी प्रत्यक्षात किती वेळात झालं, ते आठवतच नाही. उपाय सोपा आहे. काम झालं की अंदाजाशेजारी खरी मिनिटं लिहायची. आठ-दहा दिवसांत तुमचा स्वतःचा गुणक कळतो. कुणाचा दीडपट असतो, कुणाचा दुप्पट.

महिनाभर उतरवली जाणारी कामं बहुधा कामं नसतातच, नुसती नावं असतात. ‘बँकेचं बघणे’ हे काम नव्हे. ते हातात घेतलं की आधी कळायला हवं की केवायसी अडली आहे. मग आधार-पॅनच्या झेरॉक्स, फोटो, पासबुक शोधणं, आणि शेवटी शाखेत जाणं. ‘आधार-पॅनच्या दोन-दोन झेरॉक्स काढून सही करून पाकिटात ठेवणे, १५ मिनिटं’ असं लिहिलंत की ते काम झालं. ते उद्या होईल.

आणि एक नियम पाळा. कुठलंही काम तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली की तिथेच थांबून चारपैकी एक करायचं: त्याचा लहान तुकडा पाडायचा, पक्की तारीख द्यायची, दुसऱ्याकडे सोपवायचं, नाही तर काट मारायची. काट मारण्यात कमीपणा नाही. न होणारं काम रोज डोळ्यांसमोर राहिलं की होणाऱ्या कामांवरचाही जीव उडतो.

घरीच शिवणकाम करते. सण आणि लग्नसराईत कापडांचा ढीग पडतो. जी बाई जास्त फोन करते तिचं आधी शिवलं जातं आणि शांत बसणाऱ्यांचं राहतं. क्रम कसा लावू?
– एक वाचक, सांगली

तुमच्या प्रश्नावर एक अख्खं शास्त्र उभं आहे. एकच माणूस, एकच मशीन आणि पुष्कळ कामं असतील तर कुठलं आधी, याचे नियम १९५०च्या दशकात कारखान्यांसाठी काढले गेले आणि ते शिलाई मशीनलाही जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला नियम जे. आर. जॅक्सन यांचा, १९५५ सालचा: ज्याची तारीख आधी, ते आधी. असं केल्याने सगळ्यात जास्त उशीर झालेल्या गिऱ्हाइकाचा उशीर कमीत कमी राहतो. दुसरा डब्ल्यू. ई. स्मिथ यांचा, १९५६ सालचा: ज्याला कमी वेळ लागतो, ते आधी. याने ढीग भराभर उतरतो आणि एकूण सगळ्यांचं थांबणं कमी होतं. तारखा जवळ आलेल्या असताना दुसरा नियम एकटा वापरू नका. त्यात मोठं काम कायम मागे पडतं, आणि शिवणकामात मोठं काम म्हणजे बहुतेक वेळा लग्नघरचं.

आता तारखेप्रमाणे लावूनही सगळं बसत नाही, तेव्हा काय करायचं ते बघू. समजा सोमवार सकाळ आहे आणि दिवसाला शिलाईचे सहा तास मिळतात. हातात आहेत: दोन साधे ब्लाउज, ३ तास, मंगळवारी संध्याकाळी द्यायचे. शिवलेली नऊवारी, ८ तास, तीही मंगळवारी. अस्तराचा, पायपिंगचा ब्लाउज, ४ तास, बुधवारी. पंजाबी ड्रेस, ५ तास, बुधवारी. चार साड्यांचं फॉल-पिको, ५ तास, गुरुवारी. एकूण २५ तास, आणि गुरुवारपर्यंत आहेत २४.

नुसतं तारखेप्रमाणे गेलात तर साधे ब्लाउज आणि नऊवारी मिळून ११ तासांत होतात, अस्तराचा ब्लाउज १५व्या तासाला होतो. पण ड्रेस संपतो २०व्या तासाला, म्हणजे बुधवार उलटून गुरुवारी. साड्या संपतात २५व्या तासाला, शुक्रवारी. दोघी नाराज.

जे. एम. मूर यांनी १९६८ साली यावर तोडगा दिला. तारखेप्रमाणे लावत जायचं. जिथे पहिल्यांदा उशीर होतो तिथे थांबायचं, आणि तिथपर्यंतच्या कामांतलं सगळ्यात लांबलचक काम उचलून शेवटी टाकायचं. इथे पहिला उशीर ड्रेसला होतोय आणि तिथपर्यंत सगळ्यात मोठी आहे नऊवारी. ती मागे टाकली की ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, ड्रेस, साड्या असं सगळं १७ तासांत, बुधवार संपायच्या आत होतं. नऊवारी शुक्रवारी सकाळी पहिल्या तासाभरात पुरी होते. दोघींऐवजी एकीलाच उशीर.

पण ती एक कोण, हे गणिताला कळत नाही. मंगळवारी रात्री हळद असेल तर नऊवारीला हात लावायचा नाही. ती ठेवून पुढची मोठी कामं बघायची आणि ड्रेसवालीशी बोलायचं. म्हणून माप घेतानाच वहीत दोन तारखा लिहा: न्यायची तारीख आणि कार्याची तारीख. आपल्याकडे गिऱ्हाईक हाताशी वेळ ठेवून तारीख सांगतं. बारसं रविवारी असतं आणि ‘मंगळवारी हवंच’ असं सांगितलेलं असतं. कार्य रविवारी आहे हे वहीत असेल तर सोमवारीच फोन करून सांगता येतं, “ताई, शुक्रवारी संध्याकाळी देते, शनिवारी घालून बघा, काही कमी-जास्त असेल तर रविवारच्या आत करून देईन.” सोमवारी केलेला हा फोन कुणी वाईट मनावर घेत नाही. मंगळवारी संध्याकाळी दारात उभ्या राहिलेल्या बाईला हेच सांगितलं की ती पुन्हा येत नाही. वारंवार फोन करणाऱ्या बाईचं आधी शिवायचं की नाही, हाही प्रश्न या दुसऱ्या तारखेनेच सुटतो.

क्रमाइतकंच महत्त्वाचं म्हणजे आधी सुरू व्हावी लागणारी कामं. अस्तर आणि सुती फॉल पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय वापरले तर पहिल्या धुण्यात आटतात, ब्लाउजला आतून चुण्या पडतात आणि साडीचा काठ गोळा होतो. भिजवायला पाच मिनिटं लागतात, वाळायला रात्र लागते, आणि पावसाळ्यात दीड दिवस. ही पाच मिनिटं राहिली की दुसऱ्या दिवशीचे चार तास अडतात. म्हणून रोज मशीन बंद करताना पुढच्या दोन दिवसांचं अस्तर आणि फॉल बादलीत टाकायचे, मगच उठायचं. कटिंगही जमेल तेवढं एकदाच, सकाळी, नजर ताजी असताना करा. शिलाई उसवता येते, कात्री चालवलेलं परत जोडता येत नाही. हुक, काज, हातशिलाई ही कामं मशीनच्या सहा तासांत धरू नका, ती गप्पा मारताना होतात. आणि माप द्यायला येणाऱ्यांसाठी ठरावीक वेळ ठेवा, समजा संध्याकाळी पाच ते सात. दारावर पाटी लावा. पहिले पंधरा दिवस लोक कुरकुरतील, मग त्याच वेळेला येतील.

करसल्लागाराच्या ऑफिसात आम्ही दोघं जण अठरा गिऱ्हाइकांचं काम बघतो. महिन्याच्या १ ते २० तारखेपर्यंत सगळंच तातडीचं असतं. तिथे अग्रक्रम कसला लावायचा?
– एक वाचक, इचलकरंजी

सगळं तातडीचं असेल तेव्हाच तर अग्रक्रमाची गरज. ‘तातडीचं आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या आणि विचारा, ‘एक दिवस उशीर झाला तर नेमकं काय जातं, आणि कुणाचं?’

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, भरण्याची तारीख पुढच्या महिन्याची ७ (मार्चची कपात सोडून). मे महिन्यात कापलेले ४०,००० रुपये ७ जूनऐवजी ८ जूनला भरले तर व्याज दरमहा दीड टक्का, तेही कापल्याच्या तारखेपासून, आणि महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरून. विभागाच्या आकारणीत मे आणि जून असे दोन महिने मोजले जातात. एका दिवसाचे झाले १,२०० रुपये. आता जीएसटीचं मासिक विवरणपत्र, ३बी, घ्या. तारीख २०. तेवढेच ४०,००० रोखीने भरायचे असून एक दिवस चुकला तर विलंब शुल्क ५० रुपये आणि १८ टक्के वार्षिक दराने एका दिवसाचं व्याज सुमारे २० रुपये. ७० रुपयांवर भागतं. ७ तारीख आणि २० तारीख तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकाच लाल शाईने लिहिलेल्या असतील, पण त्यांचं वजन एक नाही.

११ तारखेची गोष्ट आणखी वेगळी. जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) उशिरा गेला तर नुकसान तुमच्या गिऱ्हाइकापेक्षा त्याच्याकडून माल घेणाऱ्याचं होतं. १४ तारखेला तयार होणाऱ्या त्याच्या २बीमध्ये (खरेदीच्या बिलांच्या यादीत) ते बिल येत नाही, क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) महिनाभर लांबतं, आणि तो पैसे अडवून धरतो. म्हणून ११च्या आत आधी कुणाचं, हे सरळ आहे: ज्यांची विक्री नोंदणीकृत व्यापाऱ्यांना आहे, सूत, यंत्रांचे सुटे भाग, ठोक माल, त्यांचं आधी. किरकोळ दुकानदारांचं नंतर, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांना क्रेडिट लागत नाही.

महिना असा मांडा. १ ते ४: टीडीएसची आकडेमोड. ५ आणि ६: चलनं आणि भरणा; ७ तारीख मोकळी ठेवायची, कारण त्या दिवशी बँकेची साइट आणि ओटीपी दोन्ही अडतात. ५ ते १०: विक्रीची बिलं, वर सांगितलेल्या क्रमाने. १३ला पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलनं, शेवटची तारीख १५. १४ ते १८: खरेदीची नोंद २बीशी ताडून बघणं. हे काम १४च्या आधी पुरं करताच येत नाही, म्हणून त्या आधी त्याची धास्ती घ्यायची नाही. फक्त खरेदीची बिलं चढवून ठेवायची. १९ला ३बी. २० मोकळी.

खरी अडचण तुमच्या टेबलावर नाही, तुमच्याकडे उशिरा येणाऱ्या पिशव्यांत आहे. अठरापैकी चार-पाच जण ९ तारखेला बिलं पाठवत असणार. ‘लवकर पाठवा’ असं सांगून उपयोग होत नाही. १,२०० रुपयांचं हे गणित त्यांच्याच आकड्यांत मांडून एका कागदावर द्या, आणि ५ तारखेनंतर आलेली बिलं शेवटी हातात घेतली जातील असं आधी सांगून तसंच करा. एकदा जरी वेळेवर देणाऱ्याला मागे सारून उशिरा देणाऱ्याचं आधी केलंत, तर पुढच्या महिन्यात सगळेच उशिरा देतील.

फोनचं तुम्ही पत्रात वेगळं लिहिलं आहे. ‘चलन झालं का?’ एवढंच विचारणारे फोन साडेअकरा आणि साडेचार अशा दोन वेळांना परत करा. तोवर दोघांपैकी एकाने फोन सांभाळायचा, दुसऱ्याने ताळमेळ करायचा, दुपारी अदलाबदल. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवून दिलं होतं की अर्धवट टाकलेल्या कामात मनाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे खराब होतं. म्हणून उठावंच लागलं तर उठण्याआधी पेन्सिलीने लिहा: ‘पान १४, बिल क्र. २६ पर्यंत झालं, २७चा दर तपासायचा.’ दहा सेकंद लागतात. परत आल्यावर पहिल्या बिलापासून सुरुवात करावी लागत नाही.

तातडीचं-महत्त्वाचं असे चार चौकोन करून कामं वाटा, असं सगळीकडे सांगतात. माझी सगळी कामं पहिल्याच चौकोनात जातात. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, नागपूर

ही कल्पना अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. १९५४ साली इव्हान्स्टन इथल्या भाषणात त्यांनी एका माजी कॉलेज-प्रमुखाचा दाखला देऊन सांगितलं होतं की तातडीचे प्रश्न महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात. चौकोन नंतरच्या लोकांनी आखले: पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचं, दुसऱ्यात महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं.

तुमचं एवढंच चुकतंय की ‘तातडीचं’ हा शब्द तुम्ही मोजत नाही. दुसऱ्याने घाई केली की काम तातडीचं होत नाही. कामापुढे तारीख आणि वेळ लिहिता आली तरच तातडीचं म्हणा. ‘दाढ दुखतेय, दाखवायचं आहे’ हे कुणीच घाई करत नाही म्हणून दुसऱ्या चौकोनात पडून राहतं, आणि मग एका रविवारी रात्री दोन वाजता आपोआप पहिल्यात येतं, तेही साध्या भरण्याऐवजी रूट कॅनालच्या खर्चासकट. पहिला चौकोन भरतो तो दुसऱ्यातल्या न केलेल्या कामांनी. तेव्हा दिवसातली पहिली ३० मिनिटं, फोन हातात घ्यायच्या आत, दुसऱ्या चौकोनातल्या एका कामाला द्या. तीन आठवडे लागतील, पण पहिला चौकोन हलका होईल.

बदलापूरहून साडेसातची लोकल पकडते. नळाला पाणी ६ ते ६.३०. दोन डबे, मुलाची शाळा. पाचला उठूनही धावपळ होते. साडेचारला उठू का?
– एक वाचक, बदलापूर

नका उठू. झोप अर्धा तास कमी केलीत तर धावपळ अर्धा तास आधी सुरू होईल, एवढंच. तुम्ही पाठवलेला सकाळचा क्रम बघितला. त्यात आधी भाजी चिरता, फोडणी देता, मग कणीक भिजवता, मग कुकर लावता. सगळ्या कामांना सारखं धरलं आहे. पण सकाळच्या कामांचे दोन प्रकार असतात: ज्याला हात लागतात ते, आणि एकदा सुरू करून दिलं की आपोआप चालतं ते. कुकर, कणकेचं मुरणं, वॉशिंग मशीन, गीझर हे दुसऱ्या प्रकारातले. ते आधी सुरू करायचे, बाकीचं त्यांच्या पोटात बसवायचं.

५.०० ला गीझर लावून कणीक भिजवा, ती झाकून वीस मिनिटं मुरू द्या. ५.१० ला कुकर. त्याला हात लागतात पाच मिनिटं, चालतो वीस मिनिटं. तेवढ्यात भाजी चिरून फोडणी. ५.३५ ला पोळ्या. मुरलेल्या कणकेची पोळी लाटायला सोपी जाते, दहा पोळ्यांना पंचवीस मिनिटं धरा. ६ वाजता पाणी येईल तेव्हा गॅस बंद झालेला असेल. आत्ता तुमच्याकडे नळ आणि तवा एकाच वेळी चालू असतात, आणि सगळी घाई त्या अर्ध्या तासात आहे. तिथे एक तर पोळी करपते नाही तर बादली वाहते.

आणि एक मनापासून सांगायचं आहे. पाणी भरणं हे तुमच्या नावावर का आहे, हे पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. घरात आणखी दोन माणसं आहेत. ६ ते ६.३० हे त्यांच्यापैकी एकाचं काम. मदत म्हणून नाही, नेमून दिलेलं. ज्या दिवशी ते राहील त्या दिवशी पाणी कमी भरेल. तुम्ही धावत जाऊन भरू नका, एवढं एकदा निभावा.

कडधान्याचंही लिहिलंय, की ऐन वेळी मोड आलेले नसतात. मटकी भिजायला आठ-दहा तास आणि मोड यायला दहा-बारा तास लागतात. बुधवारच्या डब्याला उसळ हवी तर मंगळवारी सकाळी निघताना भिजत टाका, संध्याकाळी आल्या आल्या उपसून फडक्यात बांधा. थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो. तेव्हा सोमवारी रात्रीच भिजवा आणि मंगळवारी सकाळी बांधून, झाकण लावून, गॅसच्या कट्ट्यावर उबेला ठेवून लोकलला जा.